व्हिएतनामला जाताय? मग फ्रेंच शाळेच्या खुणा अशा वाचा

माझी लेक हनोईत ज्या घरात भाड्यानं राहते, त्या घरमालकीणबाईंच्या आई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्यात आजीला 'बा' म्हणतात. घरातली मुलं म्हणतात म्हणून मीही बाच म्हणायला लागले. वरच्या मजल्यावर त्यांचा पूर्वजांचा देव्हारा आहे. उदबत्त्या, फळं, जुने फोटो, आणि मागे काळ्या लाकडाच्या पाटीवर सोनेरी चिनी अक्षरं. पहिल्याच आठवड्यात मी बोट दाखवून विचारलं, "काय लिहिलंय?" बांनी मान हलवली. लेकीनं पुढे विचारलं, जावयाला विचारलं, कॉलेजात जाणाऱ्या नातवाला विचारलं. कुणालाच वाचता येईना. पाटी बांच्या आजोबांनी करून घेतलेली. ते जुन्या सरकारी परीक्षेला बसलेले, गावात मास्तर होते. बा रोज सकाळी चष्मा लावून वर्तमानपत्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचतात, पण आजोबांचं एक अक्षर त्यांना लागत नाही. आमच्या घरातली मोडीतली खतावणी मला त्या क्षणी आठवली.

मी मिरजेला ३३ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. व्हिएतनाम म्हटलं की अमेरिकेचं युद्ध, एवढंच मीही शिकवत आले. लेकीकडे दोन हिवाळे राहिल्यावर कळलं की आजचा व्हिएतनाम समजून घ्यायचा असेल तर त्या युद्धातल्या कू चीच्या भुयारांइतकंच फ्रेंच राजवटीत घडलेल्या त्यांच्या शाळांकडे पाहायला हवं. आपल्याकडून सात-आठ दिवसांच्या सहली जातात. त्यातले दोन दिवस मला द्या. काय बघायचं आणि कसं बघायचं, ते सांगते.

जाण्याआधी अक्षरं शिका

हे विमानात बसण्यापूर्वीच करायचं काम आहे. चार-पाच संध्याकाळी पुरतात. व्हिएतनामी भाषा आज रोमन अक्षरांत लिहितात. त्या लिपीला 'क्वोक न्गू' म्हणतात, म्हणजे राष्ट्राची लिपी. अक्षरं ओळखीची दिसतात म्हणून इंग्रजीसारखी वाचू नका, फसाल. ही अक्षरं बसवली पोर्तुगीज आणि त्यांच्याबरोबरच्या मिशनऱ्यांनी, सतराव्या शतकात. फ्रान्सिस्को द पिना हा पोर्तुगीज पाद्री त्यातला पहिल्या फळीचा माणूस. पुढे अलेक्झांद्र द रोड यानं १६५१ साली रोममध्ये व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश छापला.

हा रोड १६१९ साली गोव्यात उतरला होता आणि दोनेक वर्षं तिथे राहिला. त्याच वर्षी गोव्यात फादर स्टीफन्स वारले. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं गेलं, भाषा मराठी आणि लिपी रोमन. पूर्वेकडच्या भाषा रोमन अक्षरांत बसवण्याचा उद्योग आपल्या शेजारीच चालू होता, हे मनात ठेवून व्हिएतनामी पाटी वाचायला घ्या. ती लगेच जवळची वाटते.

उदाहरणार्थ, एन-एच ही जोडी. नोरोन्हा, कुन्हा या गोव्यातल्या आडनावांत इंग्रजीत जी एन-एच दिसते, तीच इथे. उच्चार 'न्य'. 'एक्स' रोमी कोंकणीत 'श' होतो, इथे 'स'. 'पी-एच' म्हणजे फ. 'डी' दोन प्रकारचा असतो. आडवी रेघ मारलेला असेल तर द आणि ड यांच्या मधला उच्चार. रेघ नसेल तर हनोईत 'जहाज'मधला ज आणि दक्षिणेत चक्क य. म्हणून बायकांचा तो लांब पोशाख हनोईत 'आओ जाय' आणि सायगावात 'आओ याय'.

अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी जी टिंबं, तिरक्या रेघा, नागमोडी चिन्हं असतात ती सजावट नव्हे, ते सूर आहेत. उत्तरेत सहा. एकच 'मा' सहा सुरांत म्हटला की भूत, गाल, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप असे सहा शब्द होतात. सूर आपल्याला लगेच जमणार नाहीत, पण चिन्हं ओळखता आली पाहिजेत, म्हणजे रस्त्याचं नाव नीट जुळवता येतं.

आता याचा शाळेशी संबंध काय? दोनशे वर्षं ही लिपी फक्त चर्चच्या कुंपणात होती. बाकी देश चिनी अक्षरांत लिहायचा, आणि स्वतःच्या बोलीसाठी त्या अक्षरांवरून घडवलेली 'नोम' लिपी वापरायचा. फ्रेंचांनी १८५९ मध्ये सायगाव घेतलं. १८६५ मध्ये तिथे 'जिया दिन्ह बाओ' हे क्वोक न्गूमधलं पहिलं वर्तमानपत्र निघालं, ते सरकारनंच काढलं. पुढे त्याची धुरा त्रुओंग विन्ह की या बहुभाषी पंडिताकडे आली. सरकारचा हेतू उघड होता. चिनी अक्षरं सुटली की जुन्या पंडितांचा वचक सुटेल, आणि रोमन अक्षरं गिरवलेलं पोर पुढे फ्रेंचकडे सहज वळेल. लिपी त्यांच्या लेखी फ्रेंचकडे जाण्याची पायरी होती. ती पायरी कुणीकडे गेली, ते पुढच्या ठिकाणांवर दिसतं.

सुरुवात वान मिएऊपासूनच करा

हनोईत पोचलात की पाकिटातून एक लाख दोंगची नोट काढा. तिच्या मागच्या बाजूला जे देऊळ आहे ते वान मिएऊ, विद्येचं मंदिर. १०७० साली बांधलं, १०७६ साली तिथेच राजविद्यालय सुरू झालं. सगळे गट तिथे जातात, पण अर्ध्या तासात फोटो काढून बाहेर पडतात. तुम्ही सकाळी लवकर जा आणि तिसऱ्या अंगणात थांबा.

तिथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा उभ्या आहेत. १४४२ ते १७७९ या काळातल्या परीक्षांत 'तियेन सी' पदवी मिळवलेल्यांची नावं त्यांवर कोरली आहेत. पूर्वी पोरं पास होण्यासाठी कासवांच्या डोक्यावर हात फिरवायची, आता कठडे घातलेत. एका शिळेसमोर उभं राहा आणि आजूबाजूच्या व्हिएतनामी माणसांकडे पाहा. पदवीचे झगे घातलेली मुलं-मुली फोटो काढतात, हात जोडतात. पण शिळेवरचं नाव कुणी वाचत नाही, वाचता येत नाही. माझ्या मते सगळ्या प्रवासात याहून महत्त्वाचा क्षण नाही. बांच्या देव्हाऱ्यावरची पाटी इथे ८२ वेळा दिसते.

इथल्या परीक्षांची परंपरा १०७५ पासूनची. फ्रेंच अमलात उत्तरेतली शेवटची परीक्षा १९१५ मध्ये झाली आणि हुए या जुन्या राजधानीतल्या दरबारातली अगदी शेवटची १९१९ मध्ये. साडेआठशे वर्षांची वाट तिथे बंद झाली. गरिबाचं पोर पाठांतराच्या जोरावर मंत्री होऊ शकतं, ही आशा तिच्यात होती. मुलींना मात्र त्या परीक्षेचं दार कधीच उघडलं नाही, हेही विसरू नये.

एक गोष्ट मात्र टिकली. आज व्हिएतनाममध्ये पीएचडीला 'तियेन सी' म्हणतात, पदवीधराला 'कू न्यान'. शाळेअखेरच्या फ्रेंच बाकोलोरेआ परीक्षेलाही लोक 'तू ताय' म्हणायला लागले. तिन्ही नावं त्या जुन्या परीक्षांतली. शाळा फ्रेंचांची आली, पण तिथून मिळालेल्या पदव्यांना लोकांनी आजोबांचीच नावं दिली.

टेटच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या दिवसांत गेलात तर वान मिएऊजवळ लाल कागदावर ब्रशनं शुभाक्षरं लिहून देणारे बसतात. त्यांना 'ओंग दो' म्हणतात, जुने शाळामास्तर. या मास्तराला कुणी विचारेनासं झालं, यावर वू दिन्ह लिएन यांची १९३६ सालची कविता आहे. ती तिथल्या शाळकरी मुलांना पाठ असते. हल्लीचे लेखनकार रोमन अक्षरंही त्याच ब्रशनं, त्याच वळणानं लिहितात. एक कागद जरूर घ्या.

हनोईत आणखी काय

हांग दाव ही रेशमाच्या दुकानांची गल्ली, आता कपड्यांनी भरलेली. १९०७ साली लुओंग वान कान आणि त्यांच्या सोबत्यांनी इथे 'दोंग किन्ह न्गिया थुक' नावाची मोफत शाळा काढली. हे सगळे चिनी अक्षरांत मुरलेले पंडित होते, आणि त्यांनीच ठरवलं की लोकांना शहाणं करायचं तर रोमन लिपीच हवी, कारण ती काही महिन्यांत येते. परक्यानं आणलेलं हत्यार उचलून त्याच्यावरच रोखण्याचा विचार इथे पक्का झाला. वर्ष संपायच्या आत सरकारनं शाळा बंद केली. गर्दीतून चालताना एवढं आठवा, बाकी तिथे थांबण्यासारखं फार नाही.

ले थान्ह तोंग रस्त्यावर १९ नंबरला जुन्या इंडोचायना (या भागातल्या फ्रेंच वसाहतीचं नाव) विद्यापीठाची इमारत आहे. विद्यापीठ १९०६ मध्ये स्थापलं, १९०८ मधल्या उठावांच्या धास्तीनं बंद पडलं आणि १९१७ मध्ये आल्बेर सारो या गव्हर्नर-जनरलच्या काळात पुन्हा उघडलं. इमारत एर्नेस्त एब्रार या वास्तुकाराची. घुमटाकडे मान वर करून पाहा. छपराची वळणं स्थानिक, सांगाडा युरोपचा. सारोच्या १९१७ च्या नियमावलीनं सगळ्या शाळा एका साच्यात आणल्या आणि खेड्यापाड्यांतल्या जुन्या पंतोजींच्या शाळांवर तपासणीचा बडगा आला. याच शहरातल्या वैद्यकीय शाळेचे १९०२ मधले पहिले संचालक होते अलेक्झांद्र येर्सँ. प्लेगचा जंतू शोधणारे हेच. १८९७ साली मुंबईत प्लेग पेटला असताना ते आपला प्लेगवरचा सीरम घेऊन मुंबईत आले होते.

सगळ्यात जास्त वेळ ललित कला संग्रहालयाला द्या. ६६, न्गुयेन थाय होक रस्ता, वान मिएऊपासून चालत. ही इमारत पूर्वी फ्रेंच मुलींचं वसतिगृह होती. १९२५ मध्ये व्हिक्तोर तार्दियो या फ्रेंच चित्रकारानं नाम सोन या स्थानिक चित्रकाराबरोबर हनोईत कलाशाळा सुरू केली. तिथून बाहेर पडलेल्या मुलांची चित्रं या संग्रहालयात आहेत. लाखेच्या चित्रांसमोर थांबा. लाख त्यांच्याकडे शेकडो वर्षं होती, पण देवळातल्या मूर्ती, पेट्या आणि तबकांसाठी. या शाळेतल्या मुलांनी लाखेचे थर चढवून, पाण्याखाली घासून, आतला रंग वर काढायला सुरुवात केली. म्हणून तिचं नाव 'सोन माय', घासलेली लाख. जवळ जाऊन पांढरा रंग शोधा. लाखेतून पांढरा निघत नाही, म्हणून तिथे अंड्याच्या कवचाचे बारीक तुकडे बसवलेले दिसतील. न्गुयेन जिया त्रीच्या चित्रासमोर मी अर्धा तास उभी होते. शिक्षक परदेशी, कागदावरचा धडा परदेशी, आणि हाताखालची वस्तू आजीच्या पेटीवरची. त्या तिन्हींतून निघालेलं चित्र मात्र तिसऱ्याच कुणाचं नाही, त्यांचं आहे.

त्याच कलाशाळेत शिकलेला न्गुयेन कात तुओंग. 'तुओंग'चा एक अर्थ भिंत, म्हणून त्यानं फ्रेंचमध्ये स्वतःला 'ल म्यूर', म्हणजे भिंत, असं नाव घेतलं. १९३४ च्या सुमारास त्यानं बायकांच्या जुन्या पाचपदरी अंगरख्याला अंगाबरोबर बसणारा कट दिला. आज आपण जो 'आओ जाय' व्हिएतनामचा प्राचीन पोशाख समजतो, त्याचा रेखीवपणा तिथून सुरू झाला. आणि शाळेतून निघालेला तो पोशाख मुलींच्या गणवेशाच्या रूपानं पुन्हा शाळेतच परतला. वान मिएऊत पांढऱ्या आओ जायमधली मुलगी दिसली की हा सगळा प्रवास डोळ्यांपुढे आणा.

हुएची लाल शाळा

हुएला राजवाडा बघितल्यावर नदी ओलांडून ले लोई रस्त्यावर या. सुगंधी नदीच्या काठानं चालत गेलात की गडद लाल भिंतींची शाळा लागते. हीच क्वोक होक, स्थापना १८९६. वर्ग चालू असताना आत जाऊ नका, दुपारच्या सुट्टीनंतर किंवा रविवारी पहारेकऱ्याला नम्रपणे विचारा. मी "मीही शिक्षिका" असं लेकीकडून लिहून घेतलेलं दाखवलं, त्यानं लगेच वाट दिली. शिक्षकाला तिथे मान आहे. त्यांची म्हणच आहे की टेटचा पहिला दिवस वडिलांचा, दुसरा आईचा आणि तिसरा गुरुजींचा.

आत न्गुयेन तात थान्ह या विद्यार्थ्याचा पुतळा आहे. हा पुढचा हो ची मिन्ह. १९०७ मध्ये इथे आला, १९०८ मध्ये करांविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्या बाजूला गेला, आणि शाळा सुटली. १९११ मध्ये त्यानं फ्रान्समधल्या वसाहती अधिकाऱ्यांच्या शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला. दिएन बिएन फूच्या लढाईत फ्रेंचांना हरवणारा वो न्गुयेन जापही इथलाच. १९२७ मध्ये त्याला इथून काढून टाकलं. फाम वान दोंगही इथलाच, जो पुढे पंतप्रधान झाला. आणि शाळेचे पहिले प्रमुख होते न्गो दिन्ह खा. त्यांचा मुलगा न्गो दिन्ह दिएम १९५५ मध्ये दक्षिण व्हिएतनामचा राष्ट्राध्यक्ष झाला. पुढे वीस वर्षं एकमेकांशी लढलेल्या दोन्ही बाजूंची नावं एका अंगणात सापडतात.

शेजारीच पूर्वीची दोंग खान्ह मुलींची शाळा आहे, १९१७ सालची. १९२६ च्या वसंतात फान चाउ त्रिन्ह हे सुधारक वारले तेव्हा गावोगावच्या विद्यार्थ्यांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. शाळांनी मनाई केली, मुलांनी संप केले, अनेकांची नावं पटावरून उडाली.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण गाईड हमखास सांगतात की व्हिएतनामी पोरांना 'आमचे पूर्वज गॉल', म्हणजे फ्रान्सचे प्राचीन रहिवासी, असं घोकायला लावत. हे फ्रेंच मुलांसाठीच्या लिसेमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, खरं होतं, आणि तिथे श्रीमंत घरची थोडी व्हिएतनामी मुलंही असत. बाकीच्यांसाठी 'फ्रेंच-व्हिएतनामी' शाळा वेगळ्या होत्या, पुस्तकंही वेगळी. १९२४ नंतर तिथे पहिली तीन वर्षं व्हिएतनामीतून शिकवत, क्वोक न्गूमध्येच. त्या पुस्तकांत खेडं, म्हैस, आईवडिलांची सेवा असे धडे असत. मला ही दुसरी पद्धत जास्त खोल वाटते. पूर्वज बदलून कुणी दिले तर पोर घरी येऊन विचारतं. पण 'तुझं गाव छान आहे, तिथेच राहा, वरचं शिक्षण तुझ्यासाठी नाही' हे गोड भाषेत रोज वाचलं तर ते प्रश्न न विचारता आत उतरतं. शिक्षक म्हणून हा फरक मला फार लागला.

सायगाव आणि कंपासपेटी

सायगावात, म्हणजे हो ची मिन्ह शहरात, 'ले क्वी दोन' नावाची शाळा बाहेरूनच बघा. १८७४ ची, पूर्वीचं नाव शासलू-लोबा. कंबोडियाचा राजा नोरोदोम सिहानुक इथे शिकला. जवळच न्गुयेन थी मिन्ह खाय शाळा, जुन्या माणसांच्या तोंडी 'जांभळ्या पोशाखाची शाळा'. १९१५ मध्ये उघडली, मुली जांभळा पोशाख घालून यायच्या. शाळा सुटायच्या वेळी समोरच्या टपरीवर कॉफी घेऊन बसा.

जमलं तर कुणा शाळकरी पोराचं दप्तर बघायला मागा. हनोईत बांच्या पणतीनं मला कंपासपेटी उघडून दाखवली. वर्तुळ काढायचं ते 'कोम पा', गुण्या म्हणजे 'ए के'. दोन्ही थेट फ्रेंच. बॉलपेन म्हणजे 'बुत बी', त्यातला 'बी' फ्रेंच. दक्षिणेत खोडरबराला 'गोम' म्हणतात, तास चुकवणं म्हणजे 'कूप कुआ', तेही फ्रेंचच. आपल्या 'कंपासपेटी'त इंग्रज बसलाय, त्यांच्या पेटीत फ्रेंच. मग तिनं वही काढली. बारीक चौकटींची पानं, शाईचं पेन आणि जांभळी शाई. फ्रान्सच्या शाळांतली ही शाई तिथे केव्हाच संपली, इथल्या लहान वर्गांत अजून आहे. तिचं अक्षर इतकं सुबक होतं की मी तीनदा पान उलटून पाहिलं. त्यांच्यात म्हण आहे, अक्षराचं वळण तसं माणसाचं वळण. म्हण ब्रशच्या काळातल्या गुरुजींची, दौत फ्रेंच बाईंची.

म्हाताऱ्या माणसांशी बोला

हे मी शेवटी सांगतेय, पण पहिल्या दिवसापासून करा. ऐंशीच्या पुढचे पुरुष 'ओंग', बायका 'बा'. दोन्ही हातांनी वस्तू द्या, दोन्ही हातांनी घ्या. 'फ्रेंच राज्य कसं होतं' असं विचारू नका, उत्तर पाठ केलेलं येतं. 'पहिलं अक्षर कुणी शिकवलं' असं विचारा.

बांनी सांगितलं, वडील शाळेत गेलेच नव्हते. १९४५ मध्ये देशात शंभरात नव्वदांहून अधिक लोक निरक्षर होते, असं तेव्हाचं सरकारच सांगत होतं. फ्रेंच शाळेची बाकं मोजक्यांसाठीच होती. त्या सप्टेंबरात स्वतंत्र सरकारनं रात्रीचे साक्षरता वर्ग काढले, 'बिन्ह जान होक वू'. बाजाराच्या तोंडाशी फळा असायचा. अक्षर वाचता आलं तर सरळ आत, नाही तर 'आंधळ्यांच्या दारानं'. बा आईचं बोट धरून जात. आईला वाचता येईना, म्हणून आठ वर्षांच्या लेकीनं कानात सांगायचं. मग आईही वर्गाला यायला लागली.

शिकवणारे ओव्या म्हणून घ्यायचे. बांनी मला म्हणून दाखवली, हवेत बोट फिरवत. 'ओ' गोल, कोंबडीच्या अंड्यासारखा. दुसरा 'ओ' टोपी घालतो. तिसऱ्याला मिशी फुटते. टोपी आणि मिशी दाखवताना त्यांचं बोट स्वतःच्या डोक्याकडे आणि ओठांकडे जात होतं.

मग त्यांनी माझं नाव विचारलं आणि पणतीचं जांभळं पेन घेतलं. 'ललिता' त्यांनी तीन सुटे शब्द करून लिहिलं, ल, लि, ता, कारण त्यांच्या लिपीत प्रत्येक अक्षरगट वेगळाच लिहितात. शेवटच्या 'ता'पाशी पेन थांबलं. कुठला सूर द्यायचा? मी दोनदा नाव म्हणून दाखवलं. बांनी डोळे मिटून ऐकलं आणि 'ता' तसाच, वर काही न देता, कोरा ठेवला.